समुद्रावर चालणारा आमचा गट फुटायला आलाय, काय करू?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी खारला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. लॉकडाऊन उठल्यावर आम्ही काही शेजारीपाजारी रविवारी सकाळी साडेसहाला कार्टर रोडवर चालायला लागलो. खार दांड्याकडून निघायचं, बँडस्टँडपर्यंत जायचं, चहा घेऊन परतायचं. ओहोटी असली की खाली खडकांत उतरायचो. एका हिवाळ्यात तिथल्या डबक्यात लहानसा ऑक्टोपस दिसला आणि आम्ही सगळे वेडेच झालो. गटाला नाव दिलं, व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. गेल्या वर्षी एका मुलाने केलेलं रील खूप पसरलं. आता रविवारी साठ-सत्तर माणसं येतात. मुलं दगड उलटवतात, खेकडे बाटलीत घालतात, मोठी माणसं शंख-शिंपले पिशवीत भरून नेतात. तिथे कालवं काढणाऱ्या एक मावशी परवा म्हणाल्या, "तुमची मजा होते, पाय आमच्या पोटावर पडतो." मला रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट. तिवरांच्या कडेला रात्रीचं कोणीतरी डेब्रिज टाकतंय. ढीग वाढत चाललाय. गटातले निम्मे म्हणतात तक्रार करू, मोर्चा काढू. निम्मे म्हणतात, आपण चालायला येतो, भांडायला नाही. एक कॅफेवाला टी-शर्ट आणि बॅनर द्यायला तयार आहे, त्यावरून आणखी वाद. दोन वेगळे गट करावेत का? की सगळं सोडून आम्ही पाच-सहा जणींनी पूर्वीसारखं चालावं? घरचे म्हणतात, या वयात कशाला डोक्याला ताप.

— एक वाचक, खार

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मावशींच्या एका वाक्याने तुमची झोप उडाली, यावरून गट योग्य हातात आहे एवढं नक्की कळलं. म्हणून सोडू नका. दोन गटही करू नका. चालणारे आणि भांडणारे वेगळे झाले, तर चालणाऱ्यांना किनाऱ्याचं काय चाललंय ते कळणार नाही आणि भांडणाऱ्यांच्या हातात पुरावा उरणार नाही. किनारा वाचवायला लागतो तो पुरावा फक्त चालण्यातून तयार होतो. त्याच जागी, पुन्हा पुन्हा, तारीख-वेळ लिहून चालण्यातून. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांना माझं उत्तर याच्याभोवतीच फिरणार आहे.

पण आधी गर्दीचं बघू, कारण तिच्यावरचा उपाय तुमच्या घरातल्या कॅलेंडरवरच आहे.

रविवार सोडा. समुद्राला रविवार ठाऊक नसतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते. त्यामुळे दर रविवारी साडेसहाला खडकांवर पाणी वेगवेगळ्या पातळीवर असतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, मुंबईत प्रत्यक्ष वेळ थोडी पुढेही जाते, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. पण एकदा हा हिशेब अंगवळणी पडला की कॅलेंडरवर नजर टाकताच पाणी कुठे असेल ते डोळ्यांपुढे येतं.

आता तुमचा रविवार अष्टमीला आला असं धरा. साडेसहाला खडक पाण्याखाली असतात. शिवाय अष्टमीला भांग असतो, भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, त्यामुळे दुपारीसुद्धा खालचे खडक नीट उघडे पडत नाहीत. अशा दिवशी साठ माणसं येतात आणि जागा नसल्यामुळे वरच्याच पट्ट्यात, भिंतीलगतच्या खडकांवर, एकमेकांच्या पावलांवर पाऊल देत फिरतात. तोच पट्टा दर आठवड्याला तुडवला जातो. उलट पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाण असतं. पाणी खूप वर चढतं, तितकंच खूप मागे हटतं, आणि सकाळची ओहोटी साधारण सात-आठच्या आसपास येते. तुमचं चालणं त्या दिवसांवर ठेवा. मग तो मंगळवार असो की शुक्रवार. दिवसाला दोन ओहोट्या असतात आणि मुंबईत त्या दोन्ही सारख्या खोल नसतात. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते, तीही बघा. एक मीटरच्या खाली आकडा असेल तरच खडकांत उतरण्यात अर्थ आहे. काही महिन्यांत सकाळची ओहोटी जास्त खोल असेल, काही महिन्यांत संध्याकाळची. त्याप्रमाणे वेळ बदला.

मंगळवारी सकाळी सातला साठ माणसं येणार नाहीत. पंधरा येतील. ज्यांना रील करायचं आहे ते रविवारच मागतील. त्यांच्यासाठी वरच्या पदपथावरचा फेरफटका खुशाल चालू ठेवा, त्यात वाईट काहीच नाही, समुद्राची हवा सगळ्यांचीच आहे. खाली उतरायचं ते मात्र तिथी पाहून, आणि एका जाणत्या माणसामागे दहा-बाराच्या वर नको. तुम्हाला कोणालाही "येऊ नकोस" म्हणावं लागणार नाही. तुमच्यासारख्या माणसाला तेच सगळ्यात जड जातं, हे पत्रातून कळतं.

उतरायची वेळही सांगते. ओहोटीची जी वेळ तक्त्यात असेल, तिच्या सव्वा-दीड तास आधी खाली जायचं आणि पाणी फिरायला लागलं की माघारी. कितीही सुंदर काही दिसत असलं तरी. खडकाळ किनाऱ्यावर पाणी समोरून येताना दिसतं, पण त्याआधी ते पाठीमागच्या घळींतून भरतं आणि परतीची वाट बंद करतं. दांड्याच्या कोणत्याही कोळ्याला विचारा, तो हेच पहिलं सांगेल. जून ते सप्टेंबर खडकांवर अजिबात नको. पावसाळ्यात दुपारच्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात, महापालिका त्या दिवसांची यादी दर वर्षी जाहीर करते. त्याच दिवसांत निळ्या फुग्यासारखे, लांब धाग्यांचे ब्लू बॉटल जुहू-गिरगावच्या वाळूवर येतात आणि त्यांचा डंख लहान मुलांना फार त्रास देतो. 2013 च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट मासे आणि जेलीफिशने कितीतरी लोकांना जखमी केलं होतं, ते आठवत असेल. ते चार महिने गटाने घरी बसून नोंदी नीट लावाव्यात.

आता मुलं आणि बाटलीतले खेकडे. मुलांना रागवू नका, त्यांना कारण सांगा. ती मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात. दगडाच्या वरच्या बाजूला जे जगतं त्याला ऊन, वारा, कोरडेपणा सोसतो. खालच्या बाजूला जे चिकटलेलं असतं, स्पंज, अंड्यांचे पुंजके, बारीक नळीतले किडे, त्याला ओलावा आणि सावली हवी असते. दगड उलटा राहिला की वरचं दबून मरतं, खालचं भाजून मरतं. एक दगड, दोन्ही वस्त्या गेल्या. रिकामा शंख रिकामा नसतोच. शंखात राहणारा खेकडा वाढतो तसतसा मोठ्या शंखात मुक्काम हलवतो, आणि किनाऱ्यावर शंख उरले नाहीत तर तो प्लास्टिकच्या बुचात शिरतो. हे मुलांना दाखवता येतं, आणि एकदा पाहिलं की ती स्वतःच दुसऱ्याच्या हातातली पिशवी रिकामी करायला लावतात. खडकावर मऊ, हिरवट-तपकिरी गालिच्यासारखं जे पसरलेलं असतं ते शेवाळ नसतं. ते झोअँथिड, प्रवाळांचे जवळचे नातेवाईक, हजारो जीवांची एक वसाहत. त्यावर पाय पडता कामा नये.

मोठ्यांसाठी कायदा पुरे. प्रवाळ आणि समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचे त्यांचेच नातेवाईक) वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या रांगेत. मुंबईच्या खडकांवर खरे दगडी प्रवाळ आहेत, हातभर पाण्यात, करड्या-तपकिरी, नजरेत न भरणारे. त्यातला तुकडा "शोभेचा दगड" म्हणून घरी नेणं हा गुन्हा आहे. एवढं सांगितलं तरी पिशव्या बंद होतील.

या प्रवाळांची एक हकिगत तुमच्या गटाला जरूर सांगा. मरीन ड्राइव्ह ते वरळी किनारी रस्ता बांधायला घेतला तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ असल्याचं पुढे आलं. पहिल्या अनुसूचीतला जीव असल्यामुळे ते परवानगीशिवाय हात लावण्यासारखे नव्हते. अखेर 2020 मध्ये 18 वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. रस्ता थांबला नाही, मार्च 2024 मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. प्रवाळ हलवणं हा चांगला उपाय होता की नाही यावर माझं मत फारसं अनुकूल नाही. पण त्या खडकांवर काही जिवंत आहे हे कोणी पाहून ठेवलं नसतं, तर तेवढाही विचार झाला नसता. 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट शहराच्या किनाऱ्यांवर लहान लहान तुकड्यांत लोकांना घेऊन फिरतो आणि दिसलेल्या जीवांच्या नोंदी ठेवतो. तुम्ही आणि गटातले दोघं-तिघं आधी त्यांच्यासोबत एखादी फेरी करून या. कुठे पाय ठेवायचा, कुठे बसून थांबायचं, मुलांशी काय बोलायचं, हे तिथे पाहून जेवढं कळेल तेवढं मला इथे लिहून सांगता येणार नाही.

आता मावशी. माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि इथे जरा कठोर बोलते. तो किनारा तुमच्या गटाने शोधून काढलेला नाही. दांड्याच्या, चिंबईच्या बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या कालवं काढतायत, खुबे वेचतायत. तुम्हाला ऑक्टोपस दिसला ते डबकं त्यांना त्यांच्या ओट्यासारखं माहीत आहे. कालवं खडकालाच चिकटलेली असतात आणि मावशींच्या हातात ओहोटीचे दोन-अडीच तासच असतात. त्याच वेळात तुमची साठ माणसं त्याच खडकांवर उतरली, तर त्यांचा त्या दिवसाचा हिशेब बिघडतो. त्या ओरडल्या त्यात गैर काहीच नाही.

त्यांच्याकडे जा. एकट्या जा किंवा फार तर दोघी, आणि ओहोटीच्या वेळी जाऊ नका, तेव्हा त्या कामात असतात. संध्याकाळी कोळीवाड्यात जा. मोबाइल पर्समध्ये राहू द्या. "आम्ही कुठे येऊ नये ते सांगा" एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर अगदी नेमकं मिळतं: अमुक खडकापलीकडे नको, अमुक दिवशी नको. तो खडक गटाची हद्द ठरवा आणि पाळा. नंतर, ओळख पक्की झाल्यावर, त्यांना हवं असेल तर, वर्षातून काही फेऱ्यांना वाट दाखवायला त्यांना बोलवा आणि त्या वेळाचे पैसे द्या, कालवं विकून जेवढे मिळाले असते त्यापेक्षा कमी नकोत. "समाजसेवा आहे ना" म्हणून फुकट बोलावू नका. दांड्याच्या मच्छीमार सहकारी संस्थेलाही एकदा भेटून या, म्हणजे गट काय करतो हे त्यांना तिसऱ्याच्या तोंडून कळणार नाही.

हे नातं म्हणजे नुसता सभ्यपणा नाही, त्यात किनाऱ्याचंही हित आहे. त्याच किनारी रस्त्याच्या कामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. तिथले नाखवा म्हणत होते, लाटा आणि वारा असताना एवढ्या फटीतून होड्या नेणं धोक्याचं आहे, आम्हाला 160 मीटर हवेत. त्यांनी काम अडवलं, बराच काळ अडवलं. शेवटी एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्यात आलं. जे कागदावर बसत होतं ते पाण्यावर बसत नाही, हे रोज त्या पाण्यातून होडी नेणाऱ्यालाच कळतं. तुमच्या समोरूनही आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू व्हायचा आहे. पुढची काही वर्षं तुमचा किनारा बदलत राहणार. कोणता गाळ कुठे साचतोय, कुठल्या खडकावरची कालवं कमी झाली, हे तुमच्या आधी मावशींना कळेल. त्यांनी तुम्हाला ते सांगावंसं वाटायला हवं.

आता डेब्रिज.

तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटभर उंचीच्या काड्या वर आलेल्या दिसतात, शेकड्यांनी. ती त्याची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्या काड्यांवर फूटभर विटा-सिमेंट पडलं की त्या बुजतात. भरतीचं पाणी आत यायचं बंद होतं. झाड लगेच पडत नाही. पानं पिवळी पडतात, काही महिन्यांत ते उभ्या उभ्या वाळतं. कुऱ्हाड लावलेली नसल्यामुळे "झाडं आपोआप मेली" असं म्हणता येतं, आणि मागे राहतो तो मोकळा, पक्का झालेला तुकडा. मुंबईत खाडीकाठची कितीतरी जमीन अशीच तयार झाली. तुमच्या गटातले जे म्हणतात "आपल्याला काय करायचंय", त्यांना तिवराखाली वाकून त्या काड्या दाखवा. बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, बऱ्यापैकी भक्कमपणे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या, म्हणजे तिवरांच्या, तोडीला मनाई केली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलं की कांदळवनांचा नाश हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे, तिथे भराव आणि डेब्रिज टाकायला मनाई आहे. राज्य वनविभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. भरतीरेषा आणि ओहोटीरेषेच्या मधला सगळा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात सगळ्यात कडक वर्गात मोडतो.

तरीही मोर्चा आत्ता नको. मोर्च्याने एक दिवस बातमी होते आणि दुसऱ्या दिवशी साहेब विचारतात, "ढीग नेमका कधीपासून आहे?" त्याचं उत्तर तुमच्याकडे आज नाही. पुढच्या दोन महिन्यांत ते तयार करा. पदपथावरची एक जागा ठरवा, दिव्याचा खांब किंवा बाकडं, जे हलणार नाही. दर फेरीला तिथूनच, त्याच दिशेने, तसाच फोटो. फोनमधलं लोकेशन चालू ठेवून. एखादा खांब किंवा झाडाचं खोड चौकटीत येऊ द्या, म्हणजे ढिगाची उंची कळते. एका वहीत तारीख, वेळ, ओहोटीची उंची, काय दिसलं, कोण कोण होतं. दिसलेल्या जीवांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथे तारीख आणि जागा आपोआप नोंदली जाते आणि नाव ओळखायला जाणकार मदत करतात. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले की त्यातली लोकेशनची माहिती गळून पडते, त्यामुळे मूळ फोटो एका फोल्डरमध्ये वेगळे ठेवा. बँकेत आयुष्य गेलंय तुमचं. तारीखवार खतावणी कशी ठेवायची हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग तक्रार. एकाच मजकुराची, फोटो जोडून: कांदळवन कक्षाला, महापालिकेच्या एच पश्चिम विभाग कार्यालयाला आणि मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली देखरेख समिती कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली आहे, तिलाही प्रत. प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. भाषा साधी ठेवा, "भ्रष्ट", "मिलीभगत" असे शब्द नकोत. काय, कुठे, कधीपासून, किती वाढलं, एवढंच. महिन्याभरात काही हाललं नाही तर माहिती अधिकारात विचारा: आमच्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, पाहणी अहवालाची प्रत द्या. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या तुमच्या भागाच्या नकाशाचीही प्रत मिळवा. भरतीरेषा आणि कांदळवन त्यात कुठे दाखवलंय हे प्रत्यक्ष चालून ताडून पाहण्यासारखं काम तुमच्या गटाइतकं दुसरं कोणी करू शकणार नाही.

रात्री ट्रक अडवायला कोणीही जायचं नाही. हे गटात स्पष्ट बजावा, विशेषतः तरुण मुलांना. ट्रक दिसला तर लांबून नंबर टिपा आणि पोलिसांना 112 वर फोन करा, बस्स.

आणि एक प्रश्न गटातच विचारा, थोडा अडचणीचा आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी, सोसायटीत, गेल्या दोन वर्षांत फ्लोअरिंग, बाथरूम, किचन तोडून नवं केलं? ते फोडलेलं सामान कुठे गेलं हे कोणी विचारलं? कंत्राटदार "मी बघतो" म्हणतो, आणि रात्रीचा ट्रक कुठेतरी रिकामा होतोच. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, कळवलं की ते उचलून रीतसर प्रक्रियेसाठी नेतात. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढा ठराव करून घेतला, की नूतनीकरणाची परवानगी देताना डेब्रिज कुठे टाकलं त्याची पावती सोसायटीत जमा करायची, तर खार-वांद्र्यातल्या कितीतरी इमारतींचा राडारोडा तिवरांपर्यंत पोचणारच नाही. "आम्ही भांडायला येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे काम अगदी योग्य आहे. यात भांडण नाही, घरच्या घरी होतं, आणि माझ्या मते मोर्च्यापेक्षा जास्त परिणाम करतं.

स्वच्छता मोहिमेचा आग्रह गटात कधी ना कधी धरला जाईलच. वर्सोव्यात 2015 मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेलं काम आणि 2018 मध्ये त्याच वाळूवर दिसलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा हुरूप येणं साहजिक आहे. पण ती वाळू होती. खडकांत आणि तिवरांत पन्नास माणसं पिशव्या घेऊन घुसली तर कचऱ्यासोबत बरंच काही चिरडलं जातं. तिथे चार-पाच जणांनी, ओहोटीला, फक्त सुटं प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे काढावेत. मुळांत अडकलेलं ओढू नये, कापून काढावं. चालण्याची फेरी आणि सफाई एकाच दिवशी नको.

टी-शर्ट नको. कॅफेवाला भला माणूस असेल, पण उद्या त्याच्याच दुकानाचं सांडपाणी किंवा बांधकाम तुमच्या वहीत आलं तर काय लिहाल? शिवाय अंगावर कोणाचं नाव घालून कोळीवाड्यात गेलात तर तुम्ही कोणाची माणसं हा प्रश्न आलाच. वही, पेन आणि चांगल्या तळव्याचे बूट, एवढाच गटाचा खर्च आहे.

गट एक ठेवायचा कसा, तेही सांगते. सगळ्यांनी चालायचं, सगळ्यांनी नोंद करायची, यावर कोणाचं दुमत होणार नाही. तक्रारीवर सही करायला तीन-चार जण पुढे या, असं सांगा. त्यांची नावं, त्यांची जबाबदारी. गटाच्या नावाने तक्रार करू नका, नागरिक म्हणून करा. ज्याला सही करायची नाही त्याने करू नये, पण त्याने काढलेला फोटो वहीत असेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर चर्चा बंद करा, तिथे कोणाचंही मत बदलत नाही. फेरी संपल्यावर चहाच्या वेळी बोला, जे आले होते त्यांच्यातच.

घरच्यांना सांगा की भांडणं तरुण वकिलांनी करावीत, तुम्ही वही सांभाळाल. वकिलाला काही करायचं झालं तरी तो पहिली मागणार ती वहीच.

या आठवड्यात एवढं करा. कॅलेंडर काढून पुढच्या तीन महिन्यांतल्या पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीया मार्क करा, तक्त्यातून ओहोटीची वेळ आणि उंची समोर लिहा, आणि ग्रुपवर एकच संदेश टाका की खडकांवरची पुढची फेरी त्या दिवशी, दहा-बारा जणांचीच, नाव आधी कळवायचं. फोटोची जागा ठरवून पहिला फोटो काढा. मावशींना भेटायला मात्र त्याच्या आधी जा, कारण त्यांनी एखादी तिथी त्यांच्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली, तर ती यादीतून गाळायची आहे.